टेकचंद मास्तरांना आणायला

जव्हारला जाऊन आले असं सांगितलं की नाशकातले लोक मला दोनच प्रश्न विचारतात. राजवाडा पाहिलात का? आणि वाघ दिसला का? राजवाडा मी लांबून पाहिला. वाघ काही दिसला नाही. पण ज्या कामाला गेले होते ते झालं, आणि ज्यांच्यामुळे झालं त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठल्या वर्तमानपत्रात यायचं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी नाशकात मुलींच्या शाळेत शिकवते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांची एक छावणी गावाबाहेर पडली, तेव्हापासून आम्ही चार-पाच शिक्षिका दर रविवारी तिथे जाऊ लागलो. आमच्याकडे ना औषधं होती ना कपडे. आम्हाला अर्ज लिहिता येत होते, आणि छावणीत अर्जावाचून पान हलत नसे. ब्लँकेटसाठी अर्ज, दुधासाठी अर्ज, दुसऱ्या छावणीतल्या सख्ख्या भावाला भेटून येण्यासाठी अर्ज. पाल्याच्या भाजीसारखे कागद निवडत आम्ही दिवसभर बसायचो.

तिथे माझी हरीबाईंशी ओळख झाली. पन्नाशी उलटलेली, उंच, सरळ नाकाची बाई. तिचा नवरा टेकचंद तिकडे सिंधमध्ये तालुक्याच्या गावी शाळामास्तर होता. छावणीत बसून खाणं त्याला सोसेना. जव्हारला हिंदू राजा आहे, राजाच्या शाळेत मास्तर लागत असतील, असं कुणाकडून तरी ऐकून ज्येष्ठात तो निघून गेला. "पंधरा दिवसांत येतो" म्हणाला. चार महिने झाले तरी पत्ता नाही. हजेरी घेताना त्याच्या नावाला शेजारच्या तंबूतला एक जण मागून "हाज़िर" म्हणून ओरडायचा, म्हणून नाव टिकलं होतं.

आश्विनात हुकूम आला की छावणी उठणार. सगळ्यांना दूर दुसऱ्या प्रांतात नेणार, आणि त्याआधी माणूस समोर उभा करून यादी करणार. जो नसेल त्याचं नाव कटणार. ज्या बाईचा नवरा नसेल तिला एकट्या बायकांच्या यादीत घालून वेगळ्या आश्रमात धाडणार. छावणीबाहेर राहायची परवानगीही मिळत होती, पण त्यासाठी बाहेरच्या एखाद्या रहिवाशाने जामीन राहायला हवं, आणि तिथल्या अंमलदाराने शेरा मारायला हवा. शिवाय छावणीचं ओळखकार्ड लागे. मुदत आठ दिवसांची.

आणि त्याच आठवड्यात हरीबाईला एक पोस्टकार्ड आलं. पत्ता इंग्रजीत, मजकूर मराठीत, अक्षर शाळेतल्या गुरुजींचं असावं असं वळणदार. तिने ते माझ्यापुढे धरलं. मी वाचलं:

"तुमचा म्हातारा आमच्या पाड्यावर आहे. पाय मोडला होता, आता चालतो. घेऊन जा, नाही तर राहू द्या. पण कळवा. देवजी, मुक्काम पोशेऱ्याजवळ, मोखाडे."

हरीबाईने मला ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "टीचरबाई, तू चल माझ्यासोबत. मला तिकडची बोली येत नाही."

खरं सांगायचं तर ती मलाही येत नव्हती. हे मात्र मला तिथे गेल्यावर कळलं.

त्र्यंबकच्या पुढे

शाळेतून पाच दिवसांची रजा काढली. छावणीतून हरीबाईला तेवढ्याच दिवसांचा परवाना मिळाला. आईने दशम्या बांधून दिल्या आणि सतरा सूचना केल्या. त्र्यंबकपर्यंतचा प्रवास सगळ्यांच्या ओळखीचा, तो सांगत नाही. पुढे घाट सुरू झाला तशी मोटारीतली माणसं बदलली. धोतरं आणि पगड्या उतरल्या, लंगोट्या आणि घोंगड्या चढल्या. डोंगरांचे उतार पिवळे झाले होते. ती खुरासणीची, म्हणजे कारळ्याची फुलं. कुणीतरी डोंगरावर हळद सांडावी तशी. मधल्या पट्ट्यांत नागली, म्हणजे नाचणी, तांबूस कणसं मुठी वळून उभी. हरीबाई खिडकीला नाक लावून बसली होती. तिचा मुलूख सपाट, नदीकाठचा. "इतका मोठा डोंगर, आणि त्याच्यावर शेती?" असं ती मला सारखं विचारत होती, जणू तो डोंगर मीच तिथे ठेवला होता.

घाटाच्या मध्यावर मोटारीतून वाफ निघू लागली आणि आम्ही सगळे खाली उतरलो. ड्रायव्हर पाणी आणायला दरीत उतरला. तासभर थांबावं लागलं. हरीबाईने फडक्यातून कोकी काढली, म्हणजे कांदा-मिरची घातलेली त्यांची जाड पोळी, आणि तिचे तुकडे करून मोटारीतल्या सगळ्यांना वाटले. कुणी नको म्हणालं तर ती दुसऱ्यांदा विचारायची नाही, सरळ हातात कोंबायची. एका म्हाताऱ्याने तुकडा हुंगला, खाल्ला, आणि तिला दोन उकडलेले करांदे, म्हणजे डोंगरातले कंद, दिले. तिने ते सालीसकट चावले. तोंड इतकं कडू झालं की ती दहा मिनिटं थुंकत होती आणि सगळी मोटार हसत होती. शेवटी तीही हसली. नवरा नाहीसा झाल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मोखाड्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पोशेऱ्याकडे जाणाऱ्या एका जोडप्याच्या मागे आम्ही चालायला लागलो. कोसभर गेलो असू, माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शहरातली चप्पल, तिला चिखल-दगडांची सवय नाही. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी चालले. भाताच्या बांधावरून जाताना एकदा पाय घसरून गुडघ्यापर्यंत खाचरात गेले. पुढची बाई मागे वळली, माझा हात धरला, आणि पाड्यापर्यंत सोडला नाही.

पाडा

दहा-बारा घरं. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, वर गवत. पहिल्याच घराच्या ओटीवर एक माणूस बांबूच्या पट्ट्या सोलत बसला होता. डोक्याला मुंडासं, दाढी वाढलेली, कमरेला पंचा. शेजारी काठी. आम्ही त्याला विचारणार होतो की देवजीचं घर कोणतं.

हरीबाई थांबली. माणसानेही मान वर केली.

मला वाटलं होतं ती रडेल. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि सिंधीत पाच मिनिटं न थांबता बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. तो मान खाली घालून ऐकत होता. मग तिने वाकून त्याचा पाय पाहिला. नडगीवर हात फिरवला, वरून खाली, खालून वर. आणि तिथेच, त्याच्या पायाशी, मटकन बसली.

आतून एक बाई बाहेर आली. देवजीची बायको, मंगळी. तिने हे पाहिलं, आत गेली आणि पाण्याचे दोन तांबे घेऊन आली. तुम्ही कोण, कुठल्या, असं काही तिने विचारलं नाही. मला म्हणाली, "पाय धू, बाय. काटं भरलं असतील."

टेकचंद मास्तरांची हकिगत मी त्या संध्याकाळी ऐकली, नागलीची भाकरी, उडदाचं बट्ट, म्हणजे दाटसर आमटी, आणि खुरासणीची चटणी खाता खाता. ज्येष्ठात ते इगतपुरीहून खोडाळ्यावरून चालत मोखाड्याला आले. मोखाडा पूर्वीच्या इंग्रजी मुलखातला, जव्हार संस्थानातलं. मधे नाका. नाक्यावरच्या कारकुनाने कागद मागितला. मास्तरांनी छावणीचं कार्ड दाखवलं. कारकुनाने ते ठेवून घेतलं, म्हणाला, "वर विचारावं लागेल, चार दिवसांनी या." मास्तर परत फिरले. पाऊस लागला होता. रस्ता सोडून जवळची वाट धरली आणि उतारावरून घसरून ओढ्यात पडले. देवजी गुरं घेऊन पलीकडे होता. त्याने आणि भावाने त्यांना घोंगडीच्या झोळीतून आणलं. पाड्यावरच्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने पाय ओढून बसवला, बांबूच्या काड्या बांधल्या. महिनाभर ताप होता. मग पाऊस, मग वाटा बंद.

"पण एक चिठ्ठी?" मी विचारलं. "बाईंचा जीव टांगणीला लागला होता."

मास्तर मराठीत बोलले, म्हणजे मला आधी ती मराठी वाटलीच नाही. "काय लिहू? कार्ड गेलं, माना पाय गेला. मास्तर मी, अन् नाक्यावरून हाकलला. काय तोंड दाखवू?"

'माना' म्हणजे 'माझा' हे धरून सगळं कळायला मला दोनदा ऐकावं लागलं. आमच्या पुस्तकी मराठीचा वारा त्यांना लागलाच नव्हता. चार महिन्यांत ते जी भाषा शिकले ती देवजीच्या घरची, डोंगरातली. मी मराठीची शिक्षिका आणि मला ती समजायला एक सिंधी मास्तर लागत होता.

पोस्टकार्डाचं त्यांना माहीतच नव्हतं. मंगळी म्हणाली, "रोज सांजंला तिकडं तोंड करून बसं. आमी म्हनलं, याचं कोनी तरी आहा." मास्तरांनी जपून ठेवलेल्या वहीत छावणीचा पत्ता इंग्रजीत होता. तेवढं पान घेऊन देवजी खोडाळ्याच्या बाजाराला गेला आणि तिथल्या गुरुजींकडून पत्र लिहून घेतलं.

रात्री निजण्याआधी मी एक गोष्ट मनाशी कबूल केली, ती इथेही करते. आमच्या आळीत गेल्या वर्षी एक खोली रिकामी होती. एक सिंधी कुटुंब विचारायला आलं होतं. मासे खातात, वास येईल, आणि एकदा शिरले की निघायचे नाहीत, असं आळीत ठरलं. मी दर रविवारी छावणीत अर्ज लिहायला जात होते, आणि त्या दिवशी ओसरीवर बसून मी गप्प राहिले होते. देवजीचं घर दोन दालनांचं. त्यातल्या एकात गुरं. उरलेल्या एकात चार महिने एक अनोळखी, तापलेला, भाषा न कळणारा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरीबाईने नागलीच्या पिठाची कोकी करायला घेतली. नागलीला चिकटपणा नाही. कोकी उलटताना तिचे चार तुकडे झाले, चारांचे आठ. मंगळीने तिचा हात बाजूला केला, गरम पाण्यात पीठ मळलं, तळहातावर थापलं आणि अलगद तव्यात सोडलं. मग हरीबाईने कांदा-मिरची पुढे सरकवली. दुसरी भाकरी दोघींनी मिळून केली. ती काय होती, कोकी की भाकरी, कुणी विचारलं नाही. सगळी संपली.

पण जेवता जेवता प्रश्न निघालाच. हरीबाई म्हणाली, छावणी जाईल तिकडे आपण जायचं. आपल्या गावची सगळी माणसं तिकडे आहेत. मास्तर म्हणाले, "मी नाही येत." ते शांतपणे म्हणाले, म्हणून ती जास्त चिडली. "इथे आपलं कोण आहे?" तिने विचारलं. मास्तर काठी घेऊन उठले आणि बांधावर जाऊन बसले. ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. दुपारी मात्र मंगळीबरोबर नागली कापायला गेली. परत आली तेव्हा तिच्या हाताला विळ्याने कापलं होतं आणि मंगळीने त्यावर कसला तरी पाला चोळला होता. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माझ्या गावात माझी बहीण होती. ती रस्त्यात गेली. ही बाई तिच्यासारखी चालते." पुढे म्हणाली, "जाऊन कार्ड तर आणू. कार्ड आलं की बघू."

जव्हार

हरीबाई नागली कापत होती त्या दुपारी देवजी आणि मी मोखाड्याच्या कचेरीत विचारून आलो होतो. तिथल्या भल्या माणसाने सांगितलं, "कार्ड नाही तर मी कुणाला ओळखू? ते जव्हारच्या नाक्याच्या दप्तरात असेल. दप्तर आता जव्हारला गेलंय, आणि शेराही तिथलेच साहेब मारतील." म्हणून देवजीने बैलगाडी जुंपली. भात कापायला आलं होतं. पाड्यावर एकही पुरुष रिकामा नव्हता. मी म्हटलं, "देवजी, तुमचं काम खोळंबेल." तो म्हणाला, "भात कठं जात नाय. हा जाईल."

अर्ध्या वाटेवर तो नाका लागला. दगडांचा चौथरा, मोडका अडसर, आणि आत एक शेळी बांधलेली. संस्थान विलीन झालं तशी हद्दही गेली. मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. काठी टेकत उतरले, अडसराच्या अलीकडून पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले. शेळीने त्यांच्याकडे पाहिलं. "बस," म्हणाले आणि गाडीत चढले.

जव्हार उंचावर आहे. हवा थंड, रस्ते तांबडे आणि नीटनेटके. गावात एक प्रकारची अवघडलेली शांतता होती, पाहुणे गेल्यावर घरात असते तशी. कचेरीत छापील कागद संस्थानचेच होते. वरचं नाव पेनने खोडून शेजारी "तालुका" लिहिलेलं. साहेब फिरतीवर गेलेले, दुसऱ्या दिवशी येणार. टेबलाशी एक चाळिशीचे कारकून बसले होते. त्यांना विनायकराव म्हणू. मी अर्ज दिला. त्यांनी वाचला. मास्तरांकडे पाहिलं, दाढीकडे, मुंडाशाकडे, काठीकडे. आणि अर्ज पुन्हा वाचला.

"हे ते नव्हेत," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "हेच का?"

नाक्यावर बसलेले कारकून तेच होते.

ते उठले. आतल्या खोलीतून एक गाठोडं आणलं, सोडलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कागदाखालून कार्ड काढलं. शोधावं लागलं नाही. म्हणाले, "मी चार दिवस वाट पाहिली. आठ दिवस पाहिली. वरून हुकूम नव्हता. आत घ्या असा नव्हता, घेऊ नका असाही नव्हता. मीच घाबरलो. उद्या कुणी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून सोडलंस, तर काय सांगू?" ते पुढे म्हणाले, "आता आमचीही यादी झाली आहे. जुन्या नोकरांतले किती ठेवायचे, किती नाही, ते ठाण्याहून ठरणार. रोज सकाळी मी टपालाची वाट पाहतो. तेव्हापासून हे गाठोडं मी घरी नेऊन पुन्हा आणतो. हे कार्ड हरवू नये म्हणून."

मास्तरांनी कार्ड हातात घेतलं. पाहिलं. मग विनायकरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या त्या डोंगरी बोलीत काहीतरी म्हणाले. विनायकरावांनी डोळे पुसले. मी नंतर विनायकरावांना विचारलं, मास्तर काय म्हणाले. "म्हणाले, तूही बस, भाऊ. उभा किती राहशील."

शिरपामाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायला वेळ होता. विनायकराव आम्हाला शिरपामाळावर घेऊन गेले. पाहुण्याला ते दाखवल्याशिवाय जव्हारकरांना चैन पडत नाही. उघडा माळ, वारा, आणि खाली एकामागे एक निळसर होत गेलेले डोंगर. विनायकराव सांगत होते, शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना इथे थांबले, जव्हारच्या राजाने सामोरं येऊन त्यांना शिरपेच दिला, म्हणून शिरपामाळ.

हरीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राजाने मेहमानला शिरपेच दिला. आणि तू माझ्या मास्तरचं कार्ड घेतलंस."

विनायकराव कानापर्यंत लाल झाले. आधी देवजी हसला, तोंडावर हात ठेवून. मग मास्तर. मग बिचारे विनायकरावही. हरीबाईने पदराखालून पापडाचा डबा काढला. छावणीतून निघाल्यापासून तो तिने उघडला नव्हता. पहिला पापड तिने विनायकरावांना दिला. तिच्या मुलखात घरी आलेल्याला आधी पापड आणि पाणी देतात, मग काम विचारतात. घर नव्हतं, माळ होता. पण मला कळलं की तिने त्यांना माफ केलं.

परतताना ती नवऱ्याच्या बाजूने चालत होती. "इथे आपलं कोण आहे" हे तिने पुन्हा विचारलं नाही. मला एवढंच म्हणाली, "अर्जात दोघांचं नाव लिही. राहण्यासाठी. पाड्यावर नाही, खोडाळ्याला. तिथे बाजार आहे म्हणतात. पापड खातील ना लोक?"

"खातील," मी म्हटलं.

साहेब सोलापूरकडचे, नवे, सभ्य आणि सावध. कागद चाळत म्हणाले, "जामीन कोण?" देवजी पुढे झाला. कचेरीची फरशी पाहून तो तिच्याकडेच बघत राहिला. साहेबांनी दोन-तीन प्रश्न केले. तो जे पुटपुटला ते साहेबांना कळेना. मलाही नीट कळलं नाही. मास्तर काठी टेकत उठले आणि हिंदीत सांगू लागले, "साहेब, हा म्हणतो, माझ्या घरात जो भात शिजेल तोच मास्तरचा. तो सरकारवर भार होणार नाही."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "थांबा. ज्याच्यासाठी जामीन, तोच दुभाष्या? आणि हा निर्वासित मला इथल्या माणसाची भाषा समजावून सांगतोय?" ते माझ्याकडे वळले. "हे कसं चालेल, बाई?"

मुदतीचे दोन दिवस उरले होते. तेवढ्यात विनायकराव खुर्चीतून उठले. त्यांना उठायची गरज नव्हती. ज्या माणसाची नोकरी टपालावर लटकली आहे त्याने साहेबापुढे गप्प बसणंच शहाणपणाचं. "साहेब, भाषांतर बरोबर आहे," ते म्हणाले. "मला ही बोली येते. आणि या गृहस्थांना नाक्यावरून मी परत फिरवलं होतं. हुकूम नसताना. तेही लिहून घ्यावं."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फॉर्म पुढे ओढला. "जामिनाचं निर्वासिताशी नातं?" त्यांनी वाचलं. "नातं काय, देवजी?"

या वेळी देवजीला प्रश्न कळला. त्याने विचार केला. मास्तरांकडे पाहिलं. आणि स्पष्ट, सावकाश म्हणाला, "तो पडला, तवा मी तठं होतो."

साहेबांनी लेखणी शाईत बुडवली, थांबले, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं: "प्रसंगी हजर." खाली सही केली. शिक्का नवा आला नव्हता. जुन्यावरच त्यांनी हाताने तालुक्याचं नाव लिहिलं. विनायकरावांच्या कबुलीबद्दल ते इतकंच म्हणाले, "ते मी ऐकलं. लिहायला या फॉर्मात जागा नाही."

मोखाड्याचा थांबा

तो कागद मी छावणीत नेऊन दिला, कटकट झाली पण मंजूर झाला, हे सांगून टाकते. विनायकरावांचंही सांगते. त्यांना ठेवून घेतलं. दिवाळीनंतर त्यांचं कार्ड आलं, त्यात मास्तरांची खुशाली आधी आणि स्वतःची मागून. खोडाळ्याच्या गुरुजींनी आपल्या घराची पडवी त्या दोघांना दिली. आठवडी बाजाराला हरीबाईचे पापड असतात, आणि ज्यांना कचेरीत बोलायला जमत नाही त्यांच्याबरोबर मास्तर मोखाड्याला जातात.

मी ज्या दिवशी निघाले त्या दिवशीचं मात्र मला लिहायचं आहे. पाचवा दिवस. सगळे मला मोटारीपर्यंत पोचवायला आले होते: देवजी, मंगळी, मास्तर, हरीबाई. मंगळीने नागलीचं पीठ एका फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातलं. मी तिला आणि देवजीला काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. आभार वगैरे, शाळेच्या समारंभात मी नेहमी बोलते तसं. ते सगळं राहिलं. मी वाकून मंगळीच्या पाया पडले. ती इतकी दचकली की दोन पावलं मागे सरली. मग तिने माझा हात धरला, खाचरातल्या त्या बाईने धरला होता तसा घट्ट.

मोटार सुरू झाली. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. हरीबाईचा पेहराव पाहून त्याला वाटलं की तीही माझ्याबरोबर नाशिकला यायची. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "अम्मा, जल्दी बैठो, गाडी छूट रही है!"

गेल्या वर्षभरात हरीबाई किती गाड्यांत बसली होती, कुणाकुणाच्या हुकमाने, कुठे जायचं ते न कळता, ते मला तिने एकदा सांगितलं होतं. ती जागची हलली नाही. मंगळीच्या शेजारी तशीच उभी राहिली, पदर सारखा केला, आणि हात हलवून त्याला म्हणाली, "तुम जाओ, बेटा. हम तो छोड़ने आए हैं."